दर सात किलोमीटरला शंभर मीटर

टेपताईंचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर लिहिलेलं होतं. पण पाटी वाचतो कोण? गळ्यात सदानकदा मोजायची टेप, म्हणून गल्लीने त्यांना टेपताई म्हटलं आणि पुढे घरातल्यांनीही तेच उचललं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी पायाने चालवायचं मशीन, मध्ये कटिंगचं लांबलचक टेबल, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले बाह्या नसलेले कोट. गिऱ्हाईक दारात उभं राहून हवापाण्याचं बोलत असताना टेपताई डोळ्यांनीच त्याच्या खांद्याचं माप घेऊन मोकळ्या व्हायच्या. मग खात्रीसाठी टेप. छातीला टेप गुंडाळली की तिच्या आत त्या आपली दोन बोटं सरकवत. कपड्यात माणसाला श्वास घेता आला पाहिजे, हा त्यांचा पहिला नियम.

त्यांना प्रश्न फार पडत. एका दुपारी मशीन चालवता चालवता त्यांनी विचारलं, “अहो, बत्तीस वर्षं मी पायडल मारतेय. किती लांब गेले असेन हो मी?”

त्यांचे यजमान छापखान्यात प्रुफं तपासत. घरी आणलेल्या कागदांवरून मान वर न करता ते म्हणाले, “इथून इथपर्यंत.”

उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच ते टेपताईंना झोंबलं. त्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई जाकिटाला पाठीमागे खिसे लावून घ्यायला आल्या. पाठीवर कशाला खिसे, असं टेपताईंनी विचारलं, तेव्हा कळलं की बाई दर रविवारी पहाटे दहा-बारा जणांना घेऊन सायकलवर लांब लांब जातात. खिसे लावून झाले तोवर टेपताईंचं ठरलं होतं. पायडलच मारायचं, तर पुढे जाणारं मारू.

याला आता दोन वर्षं झाली होती. पहिल्या महिन्यात त्या दोनदा पडल्या आणि दोन्ही वेळा पडल्या जागेपासून घरापर्यंतचं अंतर पावलांनी मोजून आल्या. गल्लीने बोलायचं ते बोलून घेतलं. “साठीला टेकली, आता हिला चाकं फुटली,” असंही कुणी म्हणालं. टेपताईंनी फक्त दुरुस्ती केली, “साठ नाही, छप्पन्न.”

यंदा डॉक्टरीणबाईंनी मोठा बेत काढला. चार दिवस सायकलने जायचं, थेट समुद्रापर्यंत. समुद्र टेपताईंनी आयुष्यात एकदाच पाहिला होता, तोही बसच्या खिडकीतून. त्या वेळी मांडीवर कुणाचं तरी मूल झोपलं होतं, म्हणून उठून नीट बघताही आलं नव्हतं. त्यामुळे यादीत नाव लावायचंच, हे त्यांनी बेत ऐकता ऐकताच ठरवलं.

पण यादीला अट होती. ठरलेल्या रविवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत शंभर किलोमीटर करून दाखवायचे. मध्ये कितीही वेळा थांबा, जेवा, झाडाखाली लोळा. सूर्य मावळायच्या आत शंभर भरले पाहिजेत. दुसरी अट गमतीची होती. निघण्याआधी तक्त्यावर लिहायचं की आकडा कुठल्या यंत्राचा धरायचा. गेल्या वर्षी एक गृहस्थ मनगटाला, दांडीला आणि खिशात अशी तीन यंत्रं लावून आले आणि जे सगळ्यात मोठं बोलेल ते खरं, असं म्हणू लागले. तेव्हापासून नियम झाला: एक माणूस, एक यंत्र. आधी लिहायचं, मग निघायचं, नंतर तक्रार नाही.

आता यंत्र कुठलं?

टेपताईंची पुतणी फोनच्या दुकानात कामाला होती. तिच्या मते प्रश्नच नव्हता. “काकू, फोन आहे ना तुमच्याकडे? मग? त्यात सगळं आहे. नकाशा आहे, अक्षरं मोठी दिसतात, कुठे पडलात तर घरी कळवतो. अजून काय पाहिजे?”

“पडले तर मी ओरडेनच की.”

“रानात कोण ऐकणार?”

“फोन ऐकणार असेल तर तो खिशात ठेवीन. पण अंतर नीट मोजतो का ते सांग.”

“आभाळातून मोजतो, काकू. वरून उपग्रह बघत असतात.”

“वरून बघून कोटाचं माप घेता येतं का कुणाला?” टेपताई म्हणाल्या. पुतणीने कपाळाला हात लावला.

सायकल दुरुस्त करणारा मिस्त्री दुसऱ्या टोकाचा. त्याने कपाटातून काडेपेटीपेक्षा जरा मोठं, काळं, बटणांचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. “हे खास सायकलचंच, ताई. दुसरं काही करत नाही, म्हणून एवढं तरी नीट करतं. उन्हात दिसतं, घामाच्या बोटाने चालतं, दिवसभर चार्जिंग पुरतं. ही बारकी डबी चाकाच्या आसाला बसवायची. ती चाकाच्या फेऱ्या मोजते. तुम्ही एकदा चाकाचा घेर सांगून ठेवायचा. मग फेऱ्या गुणिले घेर, झालं अंतर. आभाळाचा संबंधच नाही.”

फेऱ्या गुणिले घेर! हे टेपताईंना एकदम पटलं. यात काही गूढ नव्हतं. मिस्त्रीने यंत्र वापरून बघायला दिलं आणि म्हणाला, “घेर मोजून टाका. तुम्हाला मी काय शिकवणार, तुमचा तर धंदाच मापाचा.”

त्या संध्याकाळी टेपताईंनी सायकल टेबलाला टेकवली, गळ्यातली तीन मीटरची टेप काढली आणि सराईत हाताने चाकाला गुंडाळली. दोन हजार एकशे तीस मिलिमीटर. आकडा यंत्रात भरला, वहीत लिहिला, तारीख टाकली.

पण पटलं म्हणून लगेच मानायचं, हा त्यांचा स्वभाव नव्हता. पुढचे दहा दिवस त्या दांडीच्या डाव्या बाजूला फोन आणि उजव्या बाजूला यंत्र लावून हिंडल्या. यजमान म्हणाले, “दोन घड्याळं बाळगणाऱ्याला किती वाजले ते कधीच कळत नाही.” आणि झालंही तसंच. फोन म्हणे चौदा किलोमीटर, यंत्र म्हणे चौदा पूर्णांक दोन. फोन एकवीस, तर यंत्र एकवीस पूर्णांक तीन. एकानेही दुसऱ्याशी एकदासुद्धा जमवून घेतलं नाही. टेपताई रोज दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहीत आणि चष्म्यातून बघत राहत. यातलं खोटं कोण बोलतंय?

त्यांनी मिस्त्रीला गाठलं. मिस्त्री म्हणाला, “फोन कोपरे कापतो, ताई. तो दर थोड्या वेळाने तुम्ही कुठे आहात ते टिपतो आणि ठिपके सरळ रेषेने जोडतो. वळणावर तुम्ही गोल जाता, तो आडवा जातो. म्हणून कमी भरतो.”

हे ऐकून टेपताई इतक्या खूश झाल्या की मिस्त्रीच्या टपरीत उभ्या उभ्या हसल्या. बाहीची गोलाई सरळ पट्टीने मोजली की माप नेहमी कमीच येतं; नव्या शिकाऊ मुलींना हे त्या पहिल्याच दिवशी सांगत. फोन म्हणजे नवी शिकाऊ मुलगी!

त्यात फोनने आणखी एक आगळीक केली. एका सकाळी तलावाच्या रस्त्यावर एका गिऱ्हाइकाचा फोन आला. “ताई, पँटची उंची अर्धा इंच कमी करायची राहिली हो!” टेपताईंनी बोलण्यासाठी मोजणी थांबवली, अर्ध्या इंचावर दहा मिनिटं बोलल्या, आणि पुढे निघताना मोजणी सुरू करायला विसरल्या. सहा किलोमीटर वाऱ्यावर गेले. शंभरच्या दिवशी असं झालं तर? त्या दिवशी गिऱ्हाइकं थोडीच उंची विसरणार होती.

“ठरलं,” त्यांनी घरी जाहीर केलं. “फोन हुशार आहे, पण त्याचं लक्ष दहा ठिकाणी. मला एकाच कामाचा माणूस पाहिजे.”

“म्हणजे माझ्यासारखा,” यजमान म्हणाले.

“तुमच्यासारखा, पण मोजणारा.”

डॉक्टरीणबाईंच्या दाराशी लावलेल्या तक्त्यावर टेपताईंनी आपल्या नावापुढे ठळक अक्षरात लिहिलं: चाकाचं यंत्र.

रविवारी सूर्य उगवताच त्या निघाल्या. वाट त्यांनीच निवडली होती. गावाबाहेर कालव्याच्या कडेने जाणारा रस्ता, दोरी धरून आखल्यासारखा. तिथे ना चढ, ना वळण, ना गाड्या. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला एका रांगेत उभी झाडं. फोनही त्यांनी मोजायला लावून दांडीवर ठेवला होता. तो धरायचा नव्हता, तरी तो काय म्हणतो ते बघायला काय हरकत? पहिले चाळीस किलोमीटर मजेत गेले. साठाला मांड्या बोलायला लागल्या. ऐंशीला मान, पाठ आणि तळवे यांनी मिळून मोर्चा काढला. टेपताईंनी झाडाखाली बसून ब्रेड आणि उकडलेली अंडी खाल्ली, पाणी प्यायलं आणि उठताना स्वतःलाच म्हणाल्या, “चल गं, अजून दोन बाह्या आणि कॉलर राहिलीय.”

चार वाजता त्या डॉक्टरीणबाईंच्या दारात उतरल्या तेव्हा यंत्रावर १००.५ होते. डॉक्टरीणबाईंनी पायऱ्या उतरून येऊन त्यांना मिठीच मारली आणि तक्त्यावर आकडा लिहिला. पुतणी सुट्टी काढून आली होती, तिने फोटो काढला. समुद्राची जागा पक्की झाली.

पुतणीबरोबर घरी येऊन टेपताईंनी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडले, चहाचा कप हातात घेतला आणि सवयीप्रमाणे वही उघडली. यंत्र: १००.५. फोन: ९९.१. फोन नव्व्याण्णववर अडकलेला बघून त्यांना आधी हसू आलं. मग हसू थांबलं.

आज कोपरे कुठे होते?

रस्ता तर सरळसोट. कापायला कोपराच नाही, तर फोनने कापलं काय? कालव्यावर मध्येच थांबून त्यांनी दोन्ही आकडे टिपले होते. फोन २८, यंत्र २८.४. त्यांनी मागची पानं उलटली. चौदाला दोनशे मीटर. एकवीसला तीनशे. अठ्ठावीसला चारशे. गावातल्या वळणावळणाच्या गल्ल्या असोत की कालव्याचा रुळासारखा सरळ रस्ता, दर सात किलोमीटरला शंभर मीटर. एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही.

टेपताईंनी चहा खाली ठेवला. कोपरे कापणारा कधी जास्त कापेल, कधी कमी. रोज इतक्या शिस्तीने चुकतो तो फोन नव्हे. ही चूक मापातलीच. असा फरक त्यांनी आयुष्यभर पाहिला होता: पॅटर्नच सैल बेतला की त्यावरून कापलेला प्रत्येक कोट तेवढाच सैल निघतो.

“अगं, पाय तरी पूस!” यजमान ओरडले, पण टेपताई ओल्या पायांनीच सायकल खोलीत घेऊन आल्या होत्या. त्यांनी टायरवर खडूची खूण केली, तिच्या बरोबर खाली फरशीवर दुसरी. पुतणीला सायकलवर बसवलं. “हलू नकोस. मी ढकलते.” चाक एक पूर्ण फेरी फिरलं, खूण पुन्हा फरशीला टेकली, तिथे त्यांनी आणखी एक रेघ ओढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. दोन हजार शंभर.

वहीत लिहिलं होतं दोन हजार एकशे तीस.

त्यांनी टेप पुन्हा चाकाला गुंडाळली. दोन हजार एकशे तीस! फरशीवर एक, चाकावर दुसरं. पुन्हा फरशी, पुन्हा चाक. तेच. पुतणी सायकलवरून म्हणाली, “काकू, जमीन आखडली असेल.”

यजमान चष्मा कपाळावर चढवून केव्हाचे बघत होते. दुसऱ्याच्या ओळीतलं चुकलेलं अक्षर शोधण्यात त्यांची हयात गेली होती. “तिसऱ्यांदा गुंडाळ बघू,” ते म्हणाले. टेपताईंनी गुंडाळली. “थांब. आता हात हलवू नकोस. बोटं बघ तुझी.”

टेपताईंनी बघितलं. उजव्या हाताची दोन बोटं टेपेच्या आत, टायरला चिकटून, आपल्या जागी शांत बसली होती.

“चाक काय श्वास घेणार आहे?” यजमान म्हणाले.

पुतणी इतकी हसली की सायकलवरून उतरावं लागलं. टेपताईही हसल्या, पण त्या आधी बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षं हे बोटांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. बोटांनीही कधी विचारलं नव्हतं. प्रत्येक फेरीला तीन सेंटिमीटर. यंत्र बिचारं सांगितलेलाच घेर गुणत होतं. आणि ज्या फोनला त्यांनी शिकाऊ म्हटलं होतं, तो पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

म्हणजे आज झाले ते शंभर नव्हते. नव्व्याण्णव किलोमीटर आणि वर शंभर मीटर. नऊशे मीटर कमी.

“काकू, यादीत नाव लागलंय,” पुतणी घाईघाईने म्हणाली. “नियम काय, तुम्ही लिहिलेल्या यंत्राचा आकडा. यंत्र शंभर म्हणतंय. विषय संपला.”

“नियमाने ती बरोबर आहे,” यजमान म्हणाले. मग कपाळावरचा चष्मा खाली घेत म्हणाले, “छापून गेलेल्या पानातली चूक मलाही कधी कधी दिसते. वाचणाऱ्याला दिसत नाही. मला मात्र त्या पानावर दुसरं काहीच दिसत नाही.”

“तेच होईल,” टेपताई म्हणाल्या. “समुद्रासमोर उभी राहीन आणि मला नऊशे मीटर दिसत राहतील.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेपाच वाजत होते. टेपताईंनी यंत्रात दोन हजार शंभर हा आकडा भरला आणि सायकल हाताने ढकलत निघाल्या. तिच्यावर बसल्या नाहीत. अजून परवानगी मिळाली नव्हती. तोवर चालवलेलं अंतर कुठल्या खात्यात धरायचं, हा घोळ त्यांना नको होता.

डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या वरच राहत. त्या खाली आल्या, सगळं ऐकून घेतलं, आणि म्हणाल्या, “ताई, तुमचं यंत्र शंभर म्हणालं. मी लिहिलं. मला पुरे आहे.”

“डॉक्टर, यंत्र मी सांगितलं तेवढंच म्हणालं. उद्या मी त्याला घेर पाच मीटर सांगितला, तर ते मला घरात बसून समुद्रावर पोचवेल.”

डॉक्टरीणबाई तक्त्याकडे वळल्या आणि यंत्राच्या रकान्यावरून बोट फिरवू लागल्या. चाकाचं यंत्र, चाकाचं यंत्र, फोन, चाकाचं यंत्र. “यातल्या कुणी घेर कसा मोजला असेल हो?” त्या हळूच म्हणाल्या. “माझा तर मिस्त्रीने नुसता अंदाजाने भरलाय. चार वर्षांपूर्वी. त्यानंतर मी टायर दोनदा बदलले.”

“मग तुम्ही चार वर्षांत किती फिरलात ते तुम्हाला माहीत नाही?”

“आत्तापर्यंत होतं!”

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. टेपताई म्हणाल्या, “ते उद्या बघू. माझी फरशी आहे, खडू आहे. सगळ्यांनाच बोलवा. पण सूर्य मावळायला किती वेळ आहे?”

डॉक्टरीणबाईंनी पश्चिमेकडे पाहिलं. सूर्य पाण्याच्या टाकीच्या खांद्यापर्यंत उतरला होता. “पाऊण तास असेल. पाय चालतील का?”

“नाही,” टेपताई खरं तेच बोलल्या. “पण फिरतील.”

टेपताईंनी यंत्राची मोजणी शून्यावर आणली, डॉक्टरीणबाईंनी आपली सायकल काढली आणि दोघी नदीच्या पुलाकडे निघाल्या. ते अंतर टेपताई एरवी एका श्वासात तोडत. आज प्रत्येक फेरी हिशेब मागत होती. पुलाच्या चढावर पोटरीत गोळा आला, तेव्हा त्या उतरल्या, पोटरी चोळली, आणि चाक थांबलं होतं तिथूनच पुन्हा बसल्या. मध्ये एक पाऊलही ढकललं नाही. डॉक्टरीणबाई बाजूने हळूहळू येत होत्या. त्यांनी “अजून थोडंच” असं एकदाही म्हटलं नाही, यासाठी टेपताईंना त्या कायमच्या आवडल्या.

पूल संपला तेव्हा यंत्रावर ०.९ आले. “झाले!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“फोनने शंभर मीटर इकडेतिकडे केले असतील,” टेपताई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. त्या वळून परत दवाखान्याच्या दारात आल्या तेव्हा आकडा १.८ होता. खाली उतरताना त्यांना दाराच्या चौकटीचा आधार घ्यावा लागला.

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावरचं १००.५ खोडून शेजारी १००.९ लिहिलं. टाकीमागे सूर्याची कडा अजून शिल्लक होती. तोवर यजमान आणि पुतणीही चालत येऊन पोचले होते. खोडलेला आकडा बघून यजमानांना राहवेना. “खाडाखोड केली की बाजूला सही लागते,” ते म्हणाले. टेपताईंनी सही केली. दिवसभर दांडी धरून बोटं आखडली होती, म्हणून सही जरा वाकडी आली. यजमानांनी ती चालवून घेतली.

“आता तरी मनासारखं झालं ना?” पुतणीने पायरीवर त्यांच्याशेजारी बसत विचारलं. “आणि सहलीला काय नेणार, फोन की यंत्र?”

टेपताईंनी तक्त्याकडे पुन्हा पाहिलं. त्यांचे डोळे बारीक झाले होते. घरातल्यांना ते लक्षण ओळखीचं होतं.

“दोन्ही,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर, एक सांगा. किनाऱ्यावर वाळू असते. वाळूत चाक जागच्या जागी फिरतं, म्हणतात. मग यंत्र अंतर मोजत राहील, आणि फोन म्हणेल, ही बाई तर हललीच नाही. तेव्हा खरं कुणाचं धरायचं?”

डॉक्टरीणबाईंनी तक्त्याखाली कोऱ्या जागेत तो प्रश्न लिहून घेतला.